प्लॅस्टिकला विटाळ नाही

मुखेडकर ड्रम वाजवून घेत. बाजारात आपण कलिंगड घेतो तसे ते ड्रमसमोर उकिडवे बसायचे, मधल्या बोटाच्या पेराने वर, मध्ये, खाली टकटक करायचे, कान लावायचे, डोळे मिटायचे आणि मग मान डोलावून निकाल द्यायचे, "खणखणीत आहे. न्या." ड्रमला चीर आहे की नाही एवढंच वाजवून कळतं. आत काय होतं ते नाकाला कळतं. पण वर्षानुवर्षं तपकीर ओढून मुखेडकरांच्या नाकाचा उपयोग चष्मा ठेवण्यापुरता उरला होता. आमच्या कॉलनीतल्या पाण्याच्या ड्रमांची परीक्षा ज्या माणसाच्या हाती होती त्याला वास येत नव्हता, आणि याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

भालचंद्रराव मुखेडकर आमच्या कॉलनी समितीचे अध्यक्ष होते. त्यांना कुणी निवडून दिल्याचं मला आठवत नाही. हैदराबाद जिथे संपायचं आणि औषधांचे कारखाने जिथे सुरू व्हायचे, त्या सीमेवर आमची कॉलनी वसली होती. जामबागेतल्या भाड्याच्या खोल्यांना कंटाळलेली मराठी कुटुंबं, तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टर्समधून निवृत्त होऊन आलेली माणसं, अशी वस्ती. मी पुण्याची, लग्न होऊन इकडे आलेली. जामबागेतल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून सगळी कॉलनी मला नुसतं "बाई" म्हणे. मुखेडकर मूळचे नांदेडकडचे. शाळा उर्दूतून शिकलेले, सरकारी खात्यात अधीक्षक होऊन निवृत्त झालेले. त्यामुळे कोणतंही काम ते करत नसत, त्याचा इंतजाम करत.

ते उदारीकरणाचे दिवस होते. टीव्हीवर वाहिन्या वाढल्या होत्या, दुकानांत परदेशी साबण आले होते आणि कालपर्यंत शेतं होती तिथे एकामागून एक औषधांच्या फॅक्टऱ्या उभ्या राहत होत्या. मुखेडकर याचं श्रेय जवळजवळ स्वतःकडे घेत. "जग खुलं झालं बाई, जग! दार उघडलं की माल येतोच," असं म्हणून ते छाती पुढे काढत, जणू दाराची कडी त्यांनीच काढली होती. आमच्याकडे मात्र त्या उघड्या दारातून पाणी येत नव्हतं. कोपऱ्यावर एक सार्वजनिक नळ होता, त्याला सकाळी थोडा वेळ मंजिरा नदीचं पाणी येई. बाकी सगळी भिस्त टँकरवर. टँकर येईल तेव्हा भरून ठेवायचं, आणि भरून ठेवायला मोठं भांडं हवं.

इथे मुखेडकरांनी इंतजाम केला. कारखान्यांत रसायनं येत ती मोठमोठ्या निळ्या ड्रमांतून. रिकामे झालेले ड्रम नीट नष्ट करायचे असा नियम होता, पण नियम पाळण्यापेक्षा ते कुणाच्या तरी गळ्यात मारणं सोपं. एका कारखान्याच्या मॅनेजरने मुखेडकरांना चहाला बोलावलं, "समाजासाठी काही करावं म्हणतो" असं सांगितलं आणि ट्रकभर ड्रम फुकट कॉलनीत पाठवून दिले. दुसऱ्याचा उकिरडा आपल्या दारात रिकामा झाला, आणि आमच्या अध्यक्षांनी ट्रकला हार घातला. ड्रायव्हर बिचारा गोंधळून गेला होता.

"जर्मनीचा माल आहे," मुखेडकर जमलेल्या लोकांना सांगत होते. "आपल्या बापजाद्यांनी कधी जर्मनीच्या भांड्यातून आंघोळ केली होती का?"

मी विचारलं, "काका, यात होतं काय?"

"औषध."

"कसलं औषध?"

"आता हे मी कसं सांगू? औषधाची फॅक्टरी आहे बाई, विषाची नाही. तुम्ही उगं परेशान होऊ नका."

आपल्या भाषेत तापावर घेतात तेही औषध, पिकावर फवारतात तेही औषध आणि उंदराला घालतात तेही औषधच. हे मी त्यांना तिथेच सांगितलं. त्यावर ते लोकांकडे वळून म्हणाले, "पुण्याच्या माणसाला दुधातही पाणी दिसतं," आणि लोक हसले. हसणाऱ्यांत पदवीधर पुष्कळ होते.

पण मुखेडकरांना शंका नव्हतीच असं नाही. एक मोठी शंका होती, आणि तिच्यासाठी त्यांनी समितीची खास बैठक घेतली. हे ड्रम कुणाकुणाचे हात लागून आलेत? जर्मनीत कोणी हाताळले, बोटीवर कोणी, कारखान्यात कोणी? देवाच्या घरात असं भांडं कसं चालेल? बराच खल झाला. तांबं-पितळ चिंचेने घासलं की शुद्ध होतं, मातीचं भांडं एकदा बाटलं की फोडायचं, हे सगळ्यांना पाठ होतं. प्लॅस्टिकचं काय? शास्त्र झालं तेव्हा प्लॅस्टिक नव्हतं. शेवटी मुखेडकरांनीच तपकिरीची चिमूट ओढून निवाडा केला, "ज्याचं शास्त्रात नावच नाही त्याला दोष कसा लागेल? प्लॅस्टिकला विटाळ नाही." लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढे हे वाक्य त्यांच्या तोंडी बसून गेलं. सुट्टीला आलेल्या सुनेने प्लॅस्टिकची बादली देवघरात नेली तरी तेच, लेकाने बाहेरून प्लॅस्टिकच्या डब्यात काही आणलं तरी तेच.

तरीही मनाच्या समाधानासाठी म्हणून ड्रमांची शुद्धी झाली. चिंच, राख, गोमूत्र, शेवटी गंगाजलाचा शिंतोडा. एवढी घासाघीस पाहून मला क्षणभर बरं वाटलं, निदान धुतले तर जातायत. मग मुखेडकरांची नजर ड्रमांवरच्या कागदांकडे गेली. प्रत्येक ड्रमवर रसायनाचं नाव छापलेला कागद चिकटवलेला होता आणि त्यावर कवटीचं चित्र होतं, खाली दोन हाडांची फुली.

"अशुभ," मुखेडकर म्हणाले. "घरात कवटी? छे छे. खरवडून काढा."

मी धावतच गेले. "काका, ती सूचना आहे! यात पाणी भरू नका असं सांगतंय ते चित्र. निदान नाव तरी राहू द्या."

"सूचना म्हणून चांगलं चित्र काढता येत नव्हतं त्यांना?" असं म्हणून त्यांनी स्वतः उलथन्याने पहिला कागद खरवडला. बायकांनी बाकीचे खरवडले. जिथे कवटी होती तिथे कुंकवाची स्वस्तिकं निघाली. त्या संध्याकाळी कॉलनीत घरोघर स्वस्तिक काढलेले निळे ड्रम गेले, आणि ड्रमात काय होतं हे सांगणारा शेवटचा कागद कचऱ्याच्या ढिगात गेला. मी आमच्या घरी ड्रम घेतला नाही. माझ्यासारखंच आणखी एका घराने नाकारलं. मुखेडकरांच्या समोर राहणाऱ्या रझिया आपांनी. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते, आता हयात नव्हते. आपा जिभेने तिखट होत्या आणि त्यांचं नाक शाबूत होतं. ड्रममध्ये डोकावून त्या एकदम मागे सरल्या.

"नक्को माँ, मेरेकू नक्को. बू मार रा. आप लोगां पूजा करके पीयो, मैं मटके का पीतूं."

मुखेडकरांनी याचा अर्थ असा लावला की गोमूत्रामुळे आपांना ड्रम चालत नसावा. त्यांनी मोठेपणाने आपांना एक विनागोमूत्राचा ड्रम देऊ केला. आपांनी तो परत ढकलला.

आता काकूंबद्दल, मुखेडकरांच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण मुखेडकर म्हणजे नुसता विनोद आहे असं अजून वाटत असेल. काकू बारीक, गोऱ्या, फारशा न बोलणाऱ्या. सोवळं कडक. बाकी घरांत ड्रमचं पाणी धुण्याला, आंघोळीला जाई. पिण्याला नळाचं. पण कोपऱ्यावरच्या नळाला सगळ्या जातींच्या बादल्या एकमेकींना टेकत, म्हणून काकूंनी ते पाणी प्यायचं नाही, देवासाठीही वापरायचं नाही, असं मुखेडकरांनी ठरवलं. टँकरचा पाइप थेट ड्रममध्ये, मध्ये कुणाचा हात नाही, म्हणून तेच खरं सोवळ्याचं पाणी. देवघराशेजारी एक खास ड्रम काकूंसाठी ठेवला. त्याच्यावर सगळ्यांत जास्त मंत्र म्हटले गेले होते. स्वतः मुखेडकर मात्र रोज पहाटे तांब्याच्या भांड्यातलं नळाचं पाणी पीत, कारण पुरुषांना बाहेर वावरावं लागतं, त्यांना थोडी सूट असते. ही सूट कुठल्या शास्त्रात आहे ते मी कधी विचारलं नाही. मला उत्तर ऐकून घ्यायची इच्छा नव्हती.

उन्हाळा आला तसं ड्रमांचं प्लॅस्टिक तापलं आणि पाण्याला वास येऊ लागला. रंग पातळ करायच्या द्रवाला येतो तसा. काकूंनी एकदा नवऱ्याला सांगितलं. नवरा हुंगायला गेला आणि म्हणाला, "मला तर काहीच येत नाही." काकू तेच पाणी पीत राहिल्या. मग त्यांच्या तोंडात फोड आले, अन्न ठरेनासं झालं, पायांवर सूज आली. हळदीकुंकवाला गेले तेव्हा पाटावरून उठायला त्यांना भिंत धरावी लागली. मीच त्यांना विद्यानगरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मूत्रपिंडांवर परिणाम झालाय म्हणाले, आणि पाणी कुठलं पिता ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ड्रममध्ये आधी काय होतं? नाव कळलं तर मला काहीतरी दिशा मिळेल."

मी परत आले आणि वेड्यासारखी दारोदार फिरून ड्रम तपासले. कुठे एखादं अक्षर उरलंय का? फक्त डिंकाचे पट्टे आणि स्वस्तिकं. कारखान्यात गेले तर मॅनेजर म्हणाला, "आमच्याकडून ड्रम बाहेर जातच नाहीत मॅडम." ट्रक आला होता याला सगळी कॉलनी साक्षी होती, म्हणून मी मुखेडकरांकडे गेले. तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्ही चला, तुमच्यासमोर तो नाकारू शकणार नाही. मुखेडकर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पायाने झोपाळा थांबवलासुद्धा नाही.

"त्या माणसानं आपल्यावर उपकार केले बाई. सव्वीस जानेवारीला झेंड्याला मला बोलावलं होतं. आता त्याच्या दारात जाऊन भांडू? शराफत म्हणून काही असतं की नाही?"

"काका, काकू आजारी आहेत."

"हो की. त्याचाही इंतजाम करतोय. गुरुजींना विचारलंय."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख पाहिले, काही दुष्ट पाहिले. मुखेडकर दुष्ट नव्हते. पण बायकोच्या जिवापेक्षा झेंड्याच्या खालची खुर्ची ज्याला मोलाची वाटते त्याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही, आणि मी तो शोधतही नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ड्रमचं पाणी आजपासून बंद. मुखेडकर म्हणाले, मग पिणार कुठलं? नळाचं चालत नाही. त्यांनी त्याच ड्रमची पुन्हा शुद्धी करायची ठरवली. गुरुजी यायच्या दिवशी सकाळी काकू पदर खोचून उठल्या, चप्पल न घालता रस्ता ओलांडून गेल्या आणि रझिया आपांच्या ओसरीत जाऊन बसल्या. मी शाळेला निघाले होते, दारातच थांबले.

"आपा, पाणी द्या," काकू म्हणाल्या.

आपा गडबडल्या. "मेरे घर का, भाभी? भाईसाब..."

"द्या."

आपांनी मडक्यातून पेला भरून दिला. काकूंनी तो पेला तोंडाला लावून प्यायला. वरून ओतून नाही. मग दुसरा मागितला. गल्लीतल्या खिडक्यांमधून सगळे पाहत होते. मुखेडकर सोवळ्यात आपल्या फाटकाशी येऊन उभे राहिले होते. काकू परत आल्या तेव्हा त्यांनी वाट अडवली.

"आधी आंघोळ कर. मग घरात ये."

"कुठल्या पाण्याने?" काकूंनी विचारलं.

मुखेडकर बाजूला झाले. त्या दिवसापासून आपांच्या घरून रोज एक घागर काकूंसाठी येऊ लागली. काकूंचा चेहरा जरा सावरला. पण कॉलनीत बोभाटा झाला, आणि जी माणसं माझं ऐकून हसली होती त्यांनी एकेक करून आपले ड्रम मुखेडकरांच्या अंगणात आणून टाकले. घेताना रांग लावली होती, टाकताना कुणी बेलही वाजवली नाही. आता या निळ्या डोंगराचं करायचं काय? मी म्हटलं, सरकारी प्रदूषण कार्यालयात कळवू, ते बघतील. मुखेडकरांच्या कपाळावर आठी पडली. सरकारला कळवायचं म्हणजे चूक झाली म्हणायचं.

पण गुरुजींनी त्यांना तोवर उत्तर दिलं होतं. काकूंना शनीची पीडा. निळा रंग शनीचा. घरात निळी वस्तू साचली म्हणून पीडा आली. वस्तू दान करावी म्हणजे पीडा तिच्याबरोबर जाते. मुखेडकरांचा चेहरा उजळला. ड्रममध्ये खोट आहे हे शेवटी त्यांनी मान्य केलं, पण रसायनाची नाही, ग्रहाची.

तळ्याच्या काठाला बांधकामावरच्या मजुरांची गुडिसे होती. गुडिसे म्हणजे ताडाच्या झावळ्यांच्या झोपड्या. तिथे तर नळही नव्हता. मुखेडकरांनी त्या लोकांना दानाचा निरोप धाडला. मी त्यांच्यासमोर अक्षरशः हात जोडले. "काका, तिथे लहान मुलं आहेत. ती यातलंच पाणी पितील."

"पीडेचं दान गरिबालाच द्यायचं असतं," ते शांतपणे म्हणाले. "आणि त्यांना सवय असते, बाई."

हे वाक्य काकूंनी ऐकलं. त्या आतल्या खोलीत पडून होत्या, दार उघडं होतं.

दानाच्या सकाळी अंगणात ड्रम ओळीने मांडले होते. रिकामं भांडं दान देत नाहीत म्हणून प्रत्येकात थोडं पाणी घालायचं ठरलं होतं. यल्लम्मा नावाची मुकादमीण मजुरांना घेऊन आली. तिच्या कडेवर पोर होतं. तिने ड्रमवर हात फिरवला आणि काकूंना विचारलं, "नीळ्ळकि मंचिदेना अम्मा?" पाण्याला चांगलं आहे ना, बाई? काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या. मुखेडकरांनी ओंजळीत पाणी घेतलं, गुरुजींनी संकल्प सुरू केला, आणि पहिल्या ड्रममध्ये बादली ओतली गेली.

पाणी ड्रमच्या बुडातून बाहेर आलं आणि मुखेडकरांच्या सोवळ्याखालून वाहत गेलं. दुसऱ्यात ओतलं, तेही वाहून गेलं. तिसऱ्याचंही तेच. गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले.

"फुटके कसे? मी वाजवून घेतलेत सगळे!"

"मी भोकं पाडलीत," काकू म्हणाल्या. "तुमची पूजा चालली होती तेव्हा. सळई तापवून. एकही सोडला नाही."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? फुटकी वस्तू दान देता येत नाही!"

"ठाऊक आहे. म्हणूनच फोडले." मग यल्लम्माकडे वळून त्यांनी मोडक्या तेलुगूत सांगितलं की हे पाण्याचे नाहीत, यातलं पाणी पिऊन माझी ही गत झाली. यल्लम्माने काकूंच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आपल्या माणसांना घेऊन निघून गेली. मुखेडकर ओंजळ धरून उभे होते. उदक सोडायचं तर समोर घेणारा हवा, आणि घेणारे फाटकाबाहेर पडले होते. मी मोठ्याने हसले. मला ते हसू आवरायचं नव्हतं.

ते फुटके ड्रम समितीच्या शेडमागे रचून ठेवले गेले. मी कार्यालयाला पत्र पाठवलं, एक साहेब येऊन बघून गेले, त्यानंतर कुणी आलं नाही. मुखेडकर अध्यक्ष राहिलेच. बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय असं ते सांगत फिरले, आणि पुष्कळांनी ते खरं धरलं, कारण ते खरं धरलं की बाकी कशाचा विचार करावा लागत नव्हता.

काकूंना आपांच्या घागरीने आराम पडला, पण मूत्रपिंडं गेली ती परत आली नाहीत. पुढच्या संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. मळवट भरला, हिरवी साडी नेसवली, खणानारळाने ओटी भरली. मुखेडकर ठणठणीत होते. पुढेही बरीच वर्षं ठणठणीतच राहिले. अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते. "अहेवपणी गेली. नवऱ्याच्या आधी. असं मरण मागून मिळत नाही, त्याला पुण्य लागतं." लोक माना डोलावत होते. कुणी म्हणत होतं, खरंच भाग्याची बाई.

रझिया आपा फाटकाशी उभ्या होत्या, आत आल्या नव्हत्या. कमरेवर घागर होती. रोजच्या वेळेला रोजच्यासारखी भरून आणली होती, आणि काकू गेल्याचं त्यांना रस्ता ओलांडताना कळलं होतं. मुखेडकरांनी त्यांनाही तेच ऐकवलं, "पुण्य लागतं, आपा. बहुत पुण्य."

आपांनी घागर खाली ठेवली.

"पुन नक्को बोलो भाईसाब," त्या म्हणाल्या. "पानी था वो."